सत्तर टक्के कमी, सत्तर टक्के जास्त: एमएस आणि गरोदरपणावरचा १९९८चा पेपर वाचताना

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि गाईड म्हणतात ‘आधी दहा पेपर नीट वाचून या’, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण आहेत. म्हणून यावेळी एकच पेपर घेतेय. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आणि गरोदरपण या विषयावर कुणीही काहीही लिहिलं की पहिल्या पाच संदर्भांत तो असतोच. जुलै १९९८, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. पहिलं नाव ल्योंच्या क्रिस्तियाँ कॉन्फाव्रो यांचं, सोबत डब्लिनचे मायकेल हचिन्सन आणि इतर. अभ्यासाचं लाडकं नाव प्रिम्स.

या पेपरचा सारांश सगळीकडे एकाच वाक्यात सापडतो: गरोदरपणात एमएसचे अटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतर उसळतात. वाक्य चुकीचं नाही, आकडेही तेच सांगतात. पण ‘मला मूल हवंय, होऊ देऊ का?’ असं विचारणाऱ्या बाईला ते वाक्य काही उपयोगाचं नाही, उलट घाबरवणारं आहे. आणि गंमत म्हणजे तिच्या प्रश्नाचं जास्त चांगलं उत्तर त्याच पेपरात आहे. ते वाचून काढावं लागतं, इतकंच.

आजाराबद्दल थोडक्यात. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणावर हल्ला करते. एका डोळ्याला अंधुक दिसणं, पायातली ताकद जाणं, बधिरपणा, तोल जाणं अशी लक्षणं काही दिवस-आठवडे राहतात आणि मग बऱ्याचदा उतरतात. या एका झटक्याला रिलॅप्स म्हणतात, बोलण्यात अटॅक. आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि तोही ऐन विशी-तिशीत, म्हणजे लग्न आणि मुलाबाळांच्या वयात. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं डॉक्टरांचा सल्ला होता की अशा बाईने मूल होऊ देऊ नये. या सल्ल्यामागे पुरावा काय, तर बाळंतपणानंतर बिघडलेल्या पेशंट डॉक्टरांना आठवायच्या. ज्या बऱ्या राहिल्या त्या दवाखान्यात आल्याच नाहीत, मग आठवणार कशा?

प्रिम्सने नेमकी ही खोड मोडली. युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ बायका, २६९ गरोदरपणं. बाई गरोदर असतानाच अभ्यासात घ्यायची आणि बाळंतपणानंतर वर्षभर तिच्या मागे राहायचं, मग तिचं बरं होवो की वाईट. तुलनेसाठी गरोदर नसलेल्या दुसऱ्या बायकांचा गट आणला नाही. प्रत्येक बाईची तुलना तिच्याच गरोदरपणाआधीच्या वर्षाशी केली. हा निर्णय मला फार आवडतो. एमएसमध्ये एकीचा आजार दुसरीसारखा नसतो. बाहेरून जोडीदार आणला असता तर वय, आजाराची वर्षं, अटॅकची सवय, सगळं जुळवत बसावं लागलं असतं आणि तरी काहीतरी निसटलंच असतं. स्वतःशीच तुलना केली की यातलं बरंचसं आपोआप जुळतं.

आता आकडे. वही काढा, खरंच.

गरोदरपणाआधीच्या वर्षात अटॅकचा दर होता दर बाई दर वर्षी ०.७. पहिल्या तिमाहीत ०.५, दुसरीत ०.६, तिसरीत ०.२. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२. त्यानंतर दर हळूहळू जुन्या पातळीवर. म्हणजे ०.७ वरून ०.२, सुमारे ७० टक्के घट. आणि ०.७ वरून १.२, सुमारे ७० टक्के वाढ. स्लाइडवर टाकायला झकास, आणि तसंच टाकलं जातं.

पण बघा, हे दर ‘वार्षिक’ आहेत. तीन महिन्यांत जे घडलं ते वर्षभर तसंच चालू राहिलं असतं तर किती झालं असतं, असा तो आकडा आहे. बाळंतपणानंतरचे ते तीन महिने वर्षभर चालत नाहीत. म्हणून चारने भागा. १०० बायका घ्या. एरवीच्या कुठल्याही तीन महिन्यांत त्यांच्यात मिळून साधारण १७-१८ अटॅक. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ५. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ३०. शेवटच्या तिमाहीत जे बारा-तेरा अटॅक वाचले, तेवढेच बाळंतपणानंतर जास्तीचे आले. जमा आणि खर्च जवळजवळ सारखा.

आणखी एक पायरी. गरोदरपणाच्या तीन तिमाह्या आणि नंतरचे तीन महिने असं मिळून एक वर्ष धरा. १०० बायकांमागे साडेबारा, पंधरा, पाच आणि तीस. बेरीज साडेबासष्ट. गरोदर नसतानाच्या वर्षात ती होती सत्तर. म्हणजे मूल होऊ देण्याचं ते अख्खं वर्ष आधीच्या वर्षापेक्षा वाईट गेलेलं नाही, झालंच तर किंचित बरं. ‘होऊ देऊ का?’ या प्रश्नाला लागणारा आकडा हा आहे. ‘बाळ झाल्यावर पहिले तीन महिने घरात मदतीला कोण?’ या प्रश्नाला लागणारा आकडा वेगळा, तीस. प्रश्न दोन, आकडे दोन. ‘कमी होतं आणि मग उसळतं’ या एका वाक्यात दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून जातात.

आता सरासरीच्या शेजारी कंसात छापलेलं प्रमाण विचलन बघा. बहुतेक वाचक तिकडे फिरकतच नाहीत. १.२ च्या शेजारी २.०, ०.२ च्या शेजारी १.०. विचलन सरासरीपेक्षा मोठं, आणि अटॅक तर शून्याच्या खाली जाऊ शकत नाहीत. याचा अर्थ बहुतेक बायकांच्या खात्यात शून्य आणि थोड्यांच्या खात्यात एक किंवा दोन. १.२ अशी ‘सरासरी बाई’ कुठेच नाही. हे १९९८च्या पेपरात नुसतं सूचित होतं. २००४ मध्ये सांड्रा वुकुसिक यांनी याच गटातल्या २२७ बायकांचा दोन वर्षांपर्यंतचा पाठपुरावा ब्रेन या नियतकालिकात मांडला, तेव्हा ते उघड झालं: बाळंतपणानंतरच्या त्या बदनाम तीन महिन्यांत ७२ टक्के बायकांना एकही अटॅक आला नाही.

याच २००४च्या पेपरात मला सगळ्यात शिकवणारा आकडा दडलेला आहे. संशोधकांनी विचारलं, बाळंतपणानंतर कुणाला अटॅक येणार हे आधी सांगता येईल का? तीन गोष्टींचा संबंध दिसला: आधीच्या वर्षात जास्त अटॅक, गरोदरपणात अटॅक, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला जास्त अपंगत्व. तिन्ही सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय. आपल्याकडच्या कितीतरी थिसिसमध्ये इथेच टाळ्या पडतात आणि प्रकरण संपतं. या मंडळींनी मात्र मॉडेलचा अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. बरोबर वर्गीकरण झालं ७२ टक्के बायकांचं.

पुन्हा ७२. थांबा आणि विचार करा. कुठलंही मॉडेल न वापरता मी डोळे मिटून प्रत्येकीला ‘तुला अटॅक येणार नाही’ असं सांगितलं असतं, तर किती वेळा बरोबर ठरले असते? ७२ टक्के वेळा! पी-व्हॅल्यू लहान असणं आणि समोर बसलेल्या एका बाईबद्दल काही सांगता येणं यात केवढं अंतर असतं, ते इथे दिसतं. मॉडेलची ही मर्यादा संशोधकांनी स्वतःच सारांशात लिहिली आहे, लपवलेली नाही. उद्धृत करणारे मात्र ‘तीन घटक’ उचलतात आणि ७२ मागे सोडून देतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘रिस्क फॅक्टर्स शोधणे’ असं उद्दिष्ट असेल तर त्याखाली हा प्रश्न लिहून ठेवा: सगळ्यांना एकच उत्तर दिलं तर मी किती बरोबर येते, आणि माझं मॉडेल त्याहून किती पुढे जातं?

आता दोष. पहिला: बाई अभ्यासात आली तीच गरोदर झाल्यावर. म्हणजे आधीच्या वर्षाचे अटॅक आठवणीतून आणि जुन्या कागदांतून आले, नंतरचे समोर बसून मोजले. समोर मोजलेलं जास्त भरतं, आठवलेलं कमी. पाया जर थोडा कमी मोजला गेला असेल तर नंतरची उसळी थोडी फुगलेली दिसणार.

दुसरा दोष पहिल्याचा भाऊच. बाई मूल कधी ठरवते? तब्येत शांत असताना. म्हणजे गरोदरपणाआधीचं वर्ष तिच्या आजाराचं सर्वसाधारण वर्ष नसेलच, निवडलेलं चांगलं वर्ष असेल. मग नंतर दर वाढला तर त्यातला काही भाग नुसता मूळपदावर येण्याचा. सांख्यिकीत याला ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. पण माझ्या मते हा आक्षेप फार लांब जात नाही. मूळपदावर येणं असतं तर दर चढून तिथेच राहायला हवा होता. तो तीन महिने चढला आणि पुन्हा उतरला. आणि तिसऱ्या तिमाहीतली घट तर या आक्षेपाने अजिबात समजत नाही. टीका करताना दोष सापडला की आपण खूश होतो, पण तो दोष निष्कर्षाला कुठपर्यंत पोचतो हे सांगितल्याशिवाय टीका पूर्ण होत नाही.

तिसरा मला जास्त गंभीर वाटतो. ज्यांनी मूल नकोच म्हटलं, ज्यांना डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी नको म्हणायला लावलं, ज्यांचा आजार फार पुढे गेलेला, त्या या २५४ मध्ये नाहीत. आणि ज्या आहेत त्या न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली असलेल्या.

स्तनपानाचा वाद तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रिम्सला स्तनपान किंवा प्रसूतीवेळच्या एपिड्युरल भुलीचा अटॅकवर परिणाम दिसला नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनेट लँगर-गुल्ड यांनी एमएस असलेल्या ३२ बायकांचा अभ्यास छापला. किमान दोन महिने फक्त अंगावर पाजणाऱ्यांमध्ये ३६ टक्क्यांना बाळंतपणानंतर अटॅक, आणि न पाजणाऱ्या किंवा लवकर वरचं दूध सुरू करणाऱ्यांमध्ये ८७ टक्क्यांना. फरक डोळे दिपवणारा. पण बाण उलटाही असू शकतो ना? जिचा आजार आधीच जोरात, तिला औषध लवकर सुरू करायचं असतं म्हणून ती पाजणं सोडते. मग पाजल्यामुळे बरं राहिलं की बरं होतं म्हणून पाजता आलं? २०११ मध्ये इटलीच्या एका गटाने आधीचे अटॅक हिशेबात धरले तेव्हा स्तनपानाचा स्वतंत्र फायदा उरला नाही. लँगर-गुल्ड थांबल्या नाहीत. २०२० मध्ये त्यांनी ३७५ बायकांची ४६६ गरोदरपणं मांडली, एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदींतून. फक्त स्तनपान देणाऱ्यांत सुरुवातीचे अटॅक कमी दिसले, आणि मुख्य म्हणजे बाळंतपणानंतरची उसळी एकूण गटात दिसलीच नाही: आधी ०.३९, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ०.२७.

मग १९९८ खोटा ठरला का? नाही. लोक बदलले. हा गट मोठ्या दवाखान्यांतून वेचलेला नव्हता, लोकसंख्येतून आला होता. त्यात एकच झटका येऊन गेलेल्या सौम्य केसेसही होत्या. मधल्या काळात निदान लवकर होऊ लागलं, औषधं आली. ०.७ ने सुरू होणारा गट आणि ०.३९ ने सुरू होणारा गट हे दोन वेगळे आजार नसले तरी दोन वेगळ्या गर्दी आहेत. पेपर वाचताना निष्कर्षाआधी हा सुरुवातीचा आकडा बघायची सवय लावा.

हार्मोन्सबद्दल दोन वाक्यं. शेवटच्या तिमाहीत अटॅक कमी आणि हार्मोन्स सर्वाधिक, बाळंतपणानंतर हार्मोन्स कोसळतात आणि अटॅक वाढतात, मग हार्मोन्स दिले की झालं, असा तर्क कुणालाही सुचेल. याच फ्रेंच गटाने बाळंतपणानंतर प्रोजेस्टिन आणि इस्ट्राडिऑल देऊन चाचणी केली, आणि फायदा दिसला नाही.

आता हा पेपर उचलून मी जिथे पीएचडी करतेय त्या अहिल्यानगर जिल्ह्यात ठेवू. इथे तो वापरता येईल का?

पहिली अडचण निदानाची. एमएससारखाच दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा आजार आहे. त्याची खूण असलेली अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, म्हणजे प्रिम्सनंतर. भारतात एमएसच्या तुलनेत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्यात गरोदरपणात एमएससारखी भरवशाची घट दिसत नाही आणि बाळंतपणानंतर जोर वाढतो. अँटिबॉडी न तपासता एमएस म्हटलं आणि प्रिम्सच्या आधारावर ‘नऊ महिने निवांत राहा’ असं सांगितलं, तर धोका खरा आहे.

दुसरी औषधांची. प्रिम्सच्या बायका जवळजवळ औषधांआधीच्या काळातल्या. आज कुणी टेरिफ्लुनोमाइडच्या गोळ्या घेत असेल तर त्या गरोदरपणात चालत नाहीत, आणि शरीरातून निघून जायला वेळ घेतात. फिंगोलिमोडही चालत नाही, आणि ते बंद केल्यावर आजार उसळू शकतो. ही उसळी बाळंतपणाची नाही, औषध थांबवल्याची. प्रिम्सच्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नाही.

तिसरी मोजण्याची, आणि ही पूर्ण आपली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात संगमनेरहून बीडला किंवा श्रीगोंद्याहून सोलापूरला जाते आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन परत येते. म्हणजे ५ अटॅकवाले महिने आणि ३० अटॅकवाले महिने, दोन्ही काळात ती तिच्या डॉक्टरपासून लांब. सव्वा महिना तर घराबाहेरच पडत नाही. पाय लुळा वाटला, हाताला मुंग्या आल्या, तर ‘ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असायचाच’. पाथर्डी-जामखेडकडची ऊसतोडणीला जाणारी बाई असेल तर दिवाळीनंतर ती कुठल्या कारखान्याच्या फडावर असेल ते तिलाही आधी माहीत नसतं. त्यात आपला उन्हाळा. उष्णतेने एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात, तो नवा अटॅक नसतो. एप्रिल-मे मध्ये बाळंत झालेल्या बाईचा ‘अटॅक’ मोजताना लक्षणं २४ तास टिकली का, ताप होता का, हे विचारावंच लागेल. घरी माणूस पाठवल्याशिवाय हे कळणार नाही.

चौथी संख्येची. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख. मंगळुरात लेखा पंडित यांनी केलेल्या पाहणीत एमएसचं प्रमाण लाखामागे आठच्या आसपास आलं होतं. ते जसंच्या तसं लावलं (लावू नये, ते शहरी आहे, पण अंदाजाला) तर जिल्ह्यात साडेतीनशेच्या आसपास माणसं. त्यातल्या बायका, त्यातल्या मूल होण्याच्या वयातल्या, त्यातल्या या वर्षी गरोदर: हाताच्या बोटांवर. २६९ गरोदरपणं एका जिल्ह्यातून जमवायची तर तुमची पीएचडी काय, गाईडची निवृत्तीही होऊन जाईल. प्रिम्सलाही १२ देश लागलेच होते. मोजणी आपल्याकडे होत नाही असं मात्र नाही. मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजात एमएस बऱ्यापैकी आहे हे नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये मोजूनच दाखवलं होतं.

आणि गरोदरपणासाठीचा देशी नमुनाही आहे, फक्त दुसऱ्या आजारातला. प्रिम्स छापला गेला त्याच १९९८ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मार आणि गरोदरपणाची केरळ नोंदवही सुरू झाली. तिथे बाईला शक्यतो गरोदर राहण्याआधीच नोंदवतात. वरचा पहिला दोष, आठवणीतून मोजलेलं आधीचं वर्ष, त्याने बराच कमी होतो. घरापर्यंत पोचायचं म्हणाल तर त्याचा धडा याच जिल्ह्यात आहे: जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं आणि गावातली गरोदर बाई कोण, तिचं बाळंतपण कुठे, हे त्यांच्याकडून कळू लागलं. आज ते काम आशाताई करतात. सासरच्या गावची आशाताई आणि माहेरच्या गावची आशाताई यांच्यात एक फोन, पायातली ताकद, दिसणं आणि लघवीवरचा ताबा यावर चार प्रश्न, आणि बाळंतपणानंतर दर पंधरा दिवसांनी ते पुन्हा, असे सहा वेळा. प्रोटोकॉलचा हा भाग एका पानात बसतो. कठीण जाणार आहे ते दोन-तीन राज्यांतल्या न्यूरॉलॉजी विभागांना एकाच फॉर्मवर सही करायला लावणं, आणि त्या फॉर्ममध्ये अँटिबॉडी तपासणीचा खर्च कोण देणार हा रकाना भरणं.